दिवा आपल्या घरी, धोका कुणाच्या दारी?

मैत्रिणींनो, गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. आमच्या आळीत गटाराचं काम काढलं होतं आणि दुपारपासून जेसीबी घरघरत होता. मी कुकर लावला आणि मागच्या दारी वाळलेले कपडे काढायला गेले. तेवढ्यात एकदम उग्र वास आला, कुजलेल्या कांद्यासारखा. आधी वाटलं, गटाराचाच असेल. पण समोरच्या वहिनी पदर नाकाला लावून बाहेर आल्या आणि ओरडल्या, "अहो ताई, तुमचा सिलेंडर बघा, गळतोय वाटतं!" त्यांना वाटलं माझा, मला वाटलं त्यांचा.

शेजारच्या आजी त्याच वेळी तुळशीपाशी उभ्या होत्या. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात काडेपेटी. खणलेला चर त्यांच्या वृंदावनापासून पाच-सहा पावलांवर. मी तिथूनच ओरडले, "आजी, काडी ओढू नका!" पण आजींना कमी ऐकू येतं. त्यांनी पेटी उघडली होती. शेवटी त्यांच्या सुनेनं धावत जाऊन हातातली काडेपेटी हिसकावून घेतली. आजी रागावल्या. "तिन्हीसांजेला दिवा लावायचा नाही तर काय करायचं?" म्हणाल्या.

मग उलगडा झाला. आळीतून वर्षभरापूर्वी पाइप गॅसची नळी टाकली होती. ती जेसीबीच्या दात्यात सापडून तुटली होती. फोनाफोनी झाली, माणसं आली, झडप बंद केली. रात्री नऊपर्यंत सगळी आळी अंधारात, ओटे थंड. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. आणि हो, माझ्या स्वयंपाकघरात कुकरखाली ज्योत जळत होती, हे मला पाच मिनिटांनी आठवलं! दुसऱ्यांना ओरडणारी मी, आणि माझ्याच घरात आग पेटलेली.

त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांपुढे आजींच्या हातातली ती काडी येत होती.

रविवारी बचत गटाची बैठक होती. हप्ते बाजूलाच राहिले, सगळ्या गॅसवरच बोलायला लागल्या. कुणी म्हणे, सिलेंडरच बरा होता. कुणी म्हणे, छे, नंबर लावायची कटकट गेली. आमच्यातली एक नवी सून इंजिनिअर आहे. ती म्हणाली, "काकू, गॅस हवाच कशाला? सगळं विजेवर करायचं. अणुवीज तर स्वच्छ असते. धूर नाही, राख नाही." त्यावर कोपऱ्यात बसलेल्या आजींनी विचारलं, "म्हणजे ती जैतापूरला येणार म्हणतात, तीच ना?" सगळ्या गप्प झाल्या.

मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. पण आजींचा प्रश्न काही पाठ सोडेना. मग हायस्कूलमधल्या सायन्सच्या बाईंकडे दोन संध्याकाळ जाऊन बसले, वाचनालयातून पुस्तकं आणली, जुन्या बातम्या काढल्या. त्यातून मला जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी गॅसचं बघू

आपल्या सिलेंडरमधला गॅस आणि पाइपातून येणारा गॅस एकच, असं आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटतं. मलाही वाटायचं. पण ते दोन वेगळे आहेत. सिलेंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, कोपऱ्यात साचून राहतो. पाइपातला नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, वर चढतो. त्यामुळे मोकळ्या हवेत तो लवकर विरतो, ही जमेची बाजू. पण बंद खोलीत तो छताशी साठतो. म्हणून पाइप गॅस घेतला की स्वयंपाकघरात वरच्या बाजूला झरोका हवाच. कितीतरी घरांत हा झरोका झुरळं येतात म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेला असतो. आपण आपल्याच हातानं केलेला हा धोका!

दोन्ही वायूंना स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम तो घाणेरडा वास मिसळतात. म्हणजे ज्या वासाला आपण नाकं मुरडतो, तो खरं तर आपला राखणदार आहे.

आता हा राखणदार नसला तर काय होतं? आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाकडे नगरम नावाचं गाव आहे. तिथून नैसर्गिक वायूची मोठी वाहिनी जात होती. २७ जून २०१४ च्या पहाटे ती गळली. नळी कोरड्या वायूसाठी होती, पण त्यातून पाण्याचा अंश असलेला वायू जात राहिला आणि नळी आतून गंजत गेली, असं नंतर पुढं आलं. वायू पहाटेच्या गारव्यात गावभर पसरला. चहाच्या टपरीवर कुणीतरी शेगडी पेटवली आणि भडका उडाला, असं तेव्हा सांगितलं गेलं. वीसहून जास्त माणसं गेली. घरं, नारळाची झाडं, जनावरं जळून कोळसा झाली. ही वाहिनी आपल्या दारावरून जाते आणि अधूनमधून गळते, ही तक्रार गावकरी आधीपासून करत होते. रोजच्यासारखा चहा ठेवणाऱ्या माणसाचा काय दोष? आमच्या आजींचा तरी काय दोष असता?

आसाममधलं बागजान तर अलीकडचं. २७ मे २०२० ला तिथल्या वायूच्या विहिरीतून गॅस अनावर होऊन उसळायला लागला. ९ जूनला तिनं पेट घेतला. आग विझवणारे दोन जवान गेले. हजारो लोक घरं सोडून छावण्यांत राहिले, शेजारच्या बिलातले, म्हणजे मोठ्या तळ्यातले मासे मेले, चहाचे मळे करपले. ती विहीर पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. जवळजवळ सहा महिने! त्या छावण्यांत करोनाच्या काळात लेकराबाळांना घेऊन राहणाऱ्या बायकांचा विचार करा.

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली. नैसर्गिक वायू जाळला की कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून त्याला स्वच्छ म्हणतात. ते खरंच आहे. पण न जळता गळालेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे विहिरीपासून आपल्या शेगडीपर्यंतच्या वाटेत थोडासाच जरी गळला, तरी स्वच्छतेचा हिशेब कोलमडतो. दूध आणताना वाटेत सांडलं, तर घरी आलेलं लिटर हे लिटर राहत नाही, तसंच.

माहेरची आठवण

गॅसचा धोका फक्त भडक्याचा नसतो. तो बिलातूनही येतो. हे मला कुणी शिकवायला नको. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं.

आपल्यापैकी चाळिशीपुढच्या सगळ्यांना एन्रॉन हे नाव आठवत असेल. दाभोळच्या खाडीपलीकडे, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला या अमेरिकन कंपनीनं वीज प्रकल्प आणला. १९९३ मध्ये वीज मंडळाशी करार झाला. वायू परदेशातून आणायचा आणि दर डॉलरशी बांधलेला. मी तेव्हा लहान होते. पण घरी आजोबा म्हणायचे ते आठवतं, "उधारीचं तेल आणि शेजाऱ्याची पणती, किती दिवस पुरणार?"

प्रकल्पाला विरोध झाला, आणि त्यात बायका पुढे होत्या. जून १९९७ मध्ये पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष होड्या घेऊन समुद्रावर गेलेले. बायकांना घराबाहेर काढून मारहाण केली, धरून नेलं. मी तेव्हा चिपळूणला कॉलेजात होते. शनिवारी घरी गेले की आई दबक्या आवाजात हे सांगायची. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं १९९९ मध्ये यावर सविस्तर अहवाल काढला, तेव्हा जगाला कळलं. आम्हाला ते एसटीच्या थांब्यावर आधीच कळलेलं होतं.

पुढं काय झालं? १९९९ मध्ये प्रकल्प नाफ्त्यावर सुरू झाला. वीज इतकी महाग पडायला लागली की मंडळाचं कंबरडं मोडायची वेळ आली आणि २००१ मध्ये तो बंद पडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. पुढच्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी बारा-बारा तासांचं भारनियमन काढलं. आठवतं ना? पहाटे चारला उठून दळण, मिक्सर, पाण्याची मोटर उरकायची. आणि आमच्या माहेरी तर घरात कंदील आणि खाडीपलीकडं तो एवढा मोठा प्रकल्प बंद उभा. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून तो नव्यानं हाती घेतला, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस मिळायला लागला. तो गॅस आटला आणि २०१३ च्या सुमारास प्रकल्प पुन्हा ठप्प. नंतर रेल्वेला थोडीफार वीज देऊन तो चालता केला.

आजही आपण वापरतो त्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास परदेशातून येतो. उणे १६२ अंशांपर्यंत गार करून, त्याचं पाणी करून जहाजांतून आणतात. त्यातला मोठा वाटा कतारचा, आणि कतारची जहाजं होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून यावी लागतात. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा सगळ्या युरोपात गॅसचे भाव आभाळाला भिडले, आणि झळ आपल्यापर्यंत आली. लढाई कुठं आणि फोडणी कुणाची महागते, बघा.

न विझणारी चूल

आता अणुविजेकडे येऊ. बाईंनी मला ते कुकरच्या भाषेत समजावलं. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं, वीज काढायची. अणुभट्टीतही वाफच, फक्त कोळशाऐवजी युरेनियमचा अणू फुटल्याची उष्णता. एवढंच? मग भीती कसली?

भीती अशी की ही चूल एकदम विझत नाही. आपण गॅसचं बटण बंद केलं की ज्योत गेली. अणुभट्टी बंद केली तरी त्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, आणि ती कमी व्हायला दिवसच काय, महिने जातात. तोवर सतत पाणी खेळतं ठेवावं लागतं. पाणी थांबलं की आतलं इंधन वितळायला लागतं.

जपानमध्ये फुकुशिमाला हेच झालं. ११ मार्च २०११. भूकंप झाला, भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या, इथवर सगळं नीट. पण मग १४-१५ मीटर उंचीची सुनामी आली. बाहेरची वीज भूकंपानं गेलेली, जनरेटर पाण्यात बुडाले, पंप थांबले. तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. दीड लाखाहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. जपानसारख्या शिस्तीच्या, श्रीमंत देशात हे घडलं!

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फुकुशिमात थेट किरणोत्सर्गानं माणसं मेली, असं झालं नाही. जपान सरकारनं किरणोत्सर्गामुळे मृत्यू म्हणून एका कामगाराचा मृत्यू मान्य केला, तोही २०१८ मध्ये. पण घाईघाईनं हलवल्यामुळे, औषधपाण्याची आबाळ झाल्यामुळे, परक्या जागी हाय खाऊन त्या प्रांतातली २,००० हून अधिक माणसं गेली. त्यांत बहुतेक म्हातारी. आणि कितीतरी घरांत असं झालं की आई मुलांना घेऊन दूरच्या गावी गेली, बाप नोकरीसाठी मागं राहिला. मुलांना अंगणात खेळू द्यायचं का, भाजी कुठली घ्यायची, यावरून सासू-सुनांत, नवरा-बायकोत भांडणं झाली. कुठल्या आकड्यात धरायचं हे?

दूध, लोणी आणि आई

त्याच्या पंचवीस वर्षं आधीचं चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६. तेव्हाच्या सोव्हिएत संघात, आजच्या युक्रेनमध्ये, रात्री एका चाचणीच्या वेळी भट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या पन्नास हजारांच्या आसपास माणसांना दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवलं आणि सांगितलं, तीन दिवसांचं सामान घ्या. ती माणसं पुन्हा कधी राहायला आली नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त चटका लावला तो दुधानं. भट्टीतून उडालेलं किरणोत्सारी आयोडिन वाऱ्यानं गेलं, गवतावर पडलं. गाईनं गवत खाल्लं. गाईचं दूध मुलांनी प्यायलं. आयोडिन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं, आणि मुलांची ग्रंथी लहान, नाजूक. ज्यांना लहानपणी हे दूध मिळालं, त्यांच्यातल्या हजारो जणांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. उपचारांनी बहुतेक वाचले, पण जन्मभर गोळ्या आणि गळ्यावर व्रण. शेजारच्या पोलंडनं लगेच कोटीभर मुलांना साधं आयोडिनचं औषध पाजलं. चेर्नोबिलच्या आजूबाजूच्या खेड्यांत मात्र दूध पाजू नका हे आयांना वेळेत कुणी सांगितलंच नाही. आई पोराच्या हातात दुधाचा पेला देते आणि तोच घात करतो! सांगितलं असतं, तर दोन महिने दूध बंद करणं काही अवघड नव्हतं.

हे सगळं लांबचं वाटतं ना? त्यावेळी आयर्लंडहून मुंबईत लोणी आलं होतं. चेर्नोबिलची धूळ त्यात असेल म्हणून ते विकू देऊ नका, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं ते लोणी खायला सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला आणि प्रकरण मिटलं. लोणी चांगलं निघालं, पण कुठल्या रात्री कुठं भट्टी फुटली आणि प्रश्न मुंबईच्या पावावर आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्या देशातलं पहिलं अणुवीज केंद्र महाराष्ट्रातच आहे, तारापूरला. १९६९ पासून. तिथं चेर्नोबिलसारखं काही घडलेलं नाही, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. पण तिथल्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. समुद्राकाठी मासे वाळवणाऱ्या, वाडीत भाजी पिकवणाऱ्या बायका नव्या वसाहतीत गेल्या. पुनर्वसनाचं भांडण न्यायालयापर्यंत गेलं. घराच्या बदल्यात घर मिळालं असेल, पण समुद्राच्या बदल्यात काय देणार?

आणि जैतापूर. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, मिळून ९,९०० मेगावॉट. २०१० मध्ये जनसुनावणी झाली तेव्हा लोकांची मुख्य तक्रार काय होती? पर्यावरणाचा अहवाल मराठीतून आम्हाला वेळेवर मिळालाच नाही. कितीतरी जणांनी भरपाईचे धनादेश घ्यायला नकार दिला. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमानंतर महिनाभरानं, आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार गेला. सरकारचं म्हणणं, सडा समुद्रापासून उंच आहे, तिथं सुनामी पोचणार नाही. मच्छीमारांचं म्हणणं, भट्ट्यांचं गरम पाणी समुद्रात सोडलं तर आमचे मासे कुठं जातील? दोघांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचलंच नाही. अजून तिथं भट्टी उभी राहिलेली नाही. याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली, २०१२ मध्ये पुरी व्हायची होती. वीज जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट.

उरला कचरा. भट्टीतून निघालेल्या इंधनात प्लुटोनियम असतं. ते निम्मं व्हायला २४,००० वर्षं लागतात. आपल्याकडे तारापूरला हा जहाल कचरा काचेत गोठवतात, जसे शेंगदाणे पाकात घट्ट बसवतो तसे. फिनलंडनं खडकात चारशे मीटरहून खोल भुयार खणलंय. युक्ती चांगली आहे. पण आपण रात्रीचं खरकटं सकाळपर्यंत ठेवत नाही, आणि हे खरकटं कुणाच्या पणतवंडांच्या पणतवंडांनी सांभाळायचं!

मग चूलच बरी का?

नाही. हे ठामपणे सांगते. चुलीच्या धुरानं माझी आजी खोकून खोकून गेली. कोळशाचं म्हणाल तर चंद्रपूरच्या बायकांना विचारा, वाळत घातलेल्या कपड्यांवर काय बसतं ते. विजेच्या प्रत्येक युनिटामागं कोळशाच्या धुरानं जेवढी माणसं मरतात, त्यापेक्षा अणुविजेनं फार कमी मरतात, हेही आकडे सांगतात. गॅस आल्यापासून आपलं आयुष्य सोपं झालं, ते मी विसरत नाही. मी स्वतः पाइप गॅस काढून टाकलेला नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. धोका नसलेली ऊर्जा नसतेच. पण धोका आणि फायदा एकाच घरात येत नाही. वीज मुंबई-पुण्याला जाते, गाव वेलदूरचं उठतं. निर्णय पुरुषांच्या बैठकीत होतो, पाणी, दूध, आजारपण आणि छावणीतली चूल बायकांच्या वाट्याला येते. म्हणून तमिळनाडूत कुडनकुलमला किनाऱ्यावरच्या कोळणी २०११-१२ मध्ये महिनोन्महिने साखळी उपोषणाला बसल्या. त्या काही अणुशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. त्यांना फक्त उत्तर हवं होतं.

येत्या काळात हे प्रश्न वाढणारच आहेत. २०४७ पर्यंत देशात १०० गिगावॉट अणुवीज करायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. २०१० च्या कायद्यात अपघात झाला तर केंद्र चालवणाऱ्या कंपनीची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांपर्यंतच बांधलेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा केला आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं. भोपाळच्या बायका १९८४ पासून भरपाईसाठी झगडताहेत, हे आपल्यासमोर आहेच. गॅसच्या नळ्याही गावोगाव पोचताहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डसभेत किंवा जनसुनावणीत तीनच प्रश्न विचारू या. हे इंधन कुठून येतं आणि उद्या आलं नाही तर काय? त्याचं उरलंसुरलं कुठं जातं? आणि बिघडलं तर आधी कुणाच्या दारात येतं, त्या दारातल्या बाईला काय करायचं ते कुणी शिकवलंय का? कागद मराठीतून मागा. तो आपला हक्क आहे. उत्तर नाही मिळालं तर पुन्हा विचारा. आपण भाजीवाल्याला मेथीची जुडी सोडून दाखवायला लावतो, मग हे का नाही?

आमच्या आळीत आम्ही सुरुवात केली. नगरपालिकेत पंधराजणी गेलो. गॅसची नळी कुठून जाते त्याचा नकाशा मागितला, आणि खणण्याआधी गॅस कंपनीचा माणूस हजर असल्याशिवाय जेसीबी चालवू देणार नाही असं लेखी दिलं. साहेब आधी हसले. आजींनी काडेपेटीची गोष्ट सांगितल्यावर हसायचे थांबले. नकाशा आता वाचनालयाच्या भिंतीवर लागलाय.

तुळशीपुढं आजी रोज दिवा लावतात. पण आताशा काडी ओढण्याआधी त्या एक खोल श्वास घेऊन वास घेतात. परवा मला म्हणाल्या, "तूही घेत जा गं. सांगतेस एवढं सगळ्यांना!"

गॅसचा वास आला तर

• दिवा, पंखा, मिक्सर, कसलंच बटण दाबू नका. चालू असेल ते बंदही करू नका. बटणाच्या ठिणगीनंही भडका उडतो.

• पेटती ज्योत, उदबत्ती, निरांजन असेल तर लगेच विझवा. काडी ओढू नका.

• दारं-खिडक्या सताड उघडा. सिलेंडर असेल तर रेग्युलेटर बंद करा, पाइप गॅस असेल तर ओट्याजवळची झडप बंद करा. ती झडप कुठं आहे ते आजच घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, मुलांना आणि सासूबाईंनासुद्धा.

• घराबाहेर, मोकळ्यावर जा आणि मगच फोन करा. सिलेंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइप गॅसचा आणीबाणीचा क्रमांक बिलावर असतो, तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

• शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदला, चीर दिसली तर त्याआधीच. वरचा झरोका कधीही बुजवू नका.